पदाचा अधिकार, माणसाचा मान

बेळगावच्या टिळकवाडीत एक जुनी विहीर आहे. लोक तिला काँग्रेस विहीर म्हणतात. १९२४ च्या डिसेंबरात येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा बाहेरगावाहून येणाऱ्या हजारो माणसांच्या पाण्यासाठी ती खोदली गेली. अधिवेशनाच्या नगराला विजयनगर हे नाव दिलेले होते, म्हणून विहिरीलाही पंपा सरोवर असे नाव मिळाले. महात्मा गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि ते या जागी. ज्या वस्तीत ही विहीर आहे तिला मात्र नाव आहे टिळकांचे; आणि लोकमान्य टिळक काँग्रेसचे अध्यक्ष कधीच झाले नाहीत. दोघांनाही देशाने जो मान दिला तो त्यांच्या खुर्चीला दिलेला नव्हता. तरीही एकाने खुर्ची टाळली आणि दुसऱ्याने ती काही काळ पत्करली. हे दोन्ही प्रसंग आठ वर्षांच्या अंतराने याच गावात घडले, आणि त्यांचा तिसरा अंक उत्तरेकडे, याच जिल्ह्यातील निपाणीला घडला. तिन्ही प्रसंग एकापाठोपाठ एक ठेवून पाहिले तर अधिकार आणि मान यांचे नाते वाटते तितके सरळ नाही हे ध्यानी येते.

नुसता अधिकार कसा असतो हे बेळगावला कोणी सांगावे लागत नाही. गावालगतचा किल्ला, त्याचा खंदक, आतली मशीद आणि जैन मंदिरे हे सारे एकामागून एक आलेल्या सत्तांचे अवशेष आहेत. १८१८ च्या एप्रिलात पेशव्यांच्या शिबंदीने हा किल्ला मन्रोच्या स्वाधीन केला आणि कंपनी सरकारचा अंमल बसला. पुढे छावणी आली, कलेक्टरची कचेरी आली. किल्ल्याला लोक भ्यायले, कचेरीला जोहार करीत राहिले. पण भीतीने वाकलेली मान आणि आदराने वाकलेली मान लांबून सारखीच दिसते. राज्यकर्त्यांची फसगत बहुधा येथेच होते.

रोमन लोकांनी या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द योजले होते. हुद्द्याबरोबर येणाऱ्या हुकमतीला ते ‘पोतेस्तास’ म्हणत, आणि माणसाच्या शब्दाला जे वजन असते त्याला ‘ऑक्तोरितास’. सम्राट ऑगस्टस याने आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तांत लिहून ठेवला त्यात त्याने असा दावा केला की, हुकमत आपल्यापाशी सहकाऱ्यांपेक्षा अधिक नव्हती, वजन मात्र सर्वांहून अधिक होते. पाठीशी सारे सैन्य असलेल्या माणसाने हे म्हणावे यात थोडी लबाडी आहे. पण ज्याच्या हाती तलवार आहे त्यालाही आपला मान तलवारीमुळे आहे असे कबूल करणे जड जाते, एवढे त्यावरून कळते.

आता १९१६ च्या उन्हाळ्याकडे वळू. त्यासाठी आधी १९०७ ची सुरत आठवली पाहिजे. त्या वर्षीच्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली. वादाची मुळे खोल होती. पण प्रत्यक्ष भडका उडाला तो अध्यक्षपदावरून. नेमस्तांनी रासबिहारी घोष यांना अध्यक्ष नेमले होते, राष्ट्रीय पक्षाला लाला लजपतराय हवे होते. टिळक आपली सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर गेले, त्यांना बोलू देण्यात आले नाही, आणि मंडपात खुर्च्या व जोडे उडाले. पुढच्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. पत्नीच्या मृत्यूची बातमी त्यांना तेथेच कळली. ‘गीतारहस्य’ त्यांनी तेथेच लिहिले. १९१४ च्या जूनमध्ये ते पुण्यास परतले तेव्हा त्यांच्यापाशी कसलेही पद नव्हते, पक्ष विस्कटलेला होता, आणि काँग्रेसचे दार नेमस्तांच्या हाती होते. तरी सरकारने त्यांच्यावर नजर ठेवली. बिनहुद्द्याच्या माणसावर एवढी नजर कशाला, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक होते.

१९१५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आणि फिरोजशहा मेहता हे दोघेही निवर्तले. त्या वर्षअखेरच्या मुंबईच्या अधिवेशनात काँग्रेसने आपल्या नियमांत बदल केला आणि राष्ट्रीय पक्षाला आत येण्याची वाट मोकळी झाली. त्या वाटेने जायचे की नाही हे ठरवण्यासाठी १९१६ च्या एप्रिलअखेर बेळगावला मुंबई इलाख्याची प्रांतिक परिषद भरली. दादासाहेब खापर्डे अध्यक्ष होते. दक्षिण आफ्रिकेहून वर्षभरापूर्वी परतलेले गांधीही आले होते आणि समेटाच्या बाजूने बोलले. परिषदेने काँग्रेसमध्ये जाण्याचे ठरवले. परंतु काँग्रेसच्या हातून काम लवकर उठेल असा टिळकांना भरवसा नव्हता. म्हणून त्याच परिषदेच्या दिवसांत, २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगावात होमरूल लीगची म्हणजे स्वराज्य संघाची स्थापना झाली. ॲनी बेझंटबाईंची लीग अजून पाच महिने दूर होती.

या संघाच्या कार्यकारी मंडळाची यादी पाहण्यासारखी आहे. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. टिळकांचे नाव पदाधिकाऱ्यांत नाही. ज्यांच्या शब्दावर संघ निघाला, ज्यांच्या व्याख्यानांवर तो वाढणार होता, ते स्वतः साधे सभासद राहिले. सुरतेत अध्यक्षपदासाठी झगडलेल्या पक्षाच्या पुढाऱ्याने बेळगावात ते पद दुसऱ्यास दिले. यात धोरण होतेच. राजद्रोहाचा शिक्का बसलेला माणूस अध्यक्ष झाला असता तर सरकारला संस्था दडपण्यास निमित्त मिळाले असते, आणि कचरणारे नेमस्त आणखी दूर सरकले असते. शिवाय टिळकांना पुन्हा पकडले असते तरी संघ उभा राहिला असता. पण धोरण असले तरी ते प्रत्येकास जमणारे नव्हे. पद न घेता वजन राखायचे तर वजन आधी असावे लागते. ज्याचा सारा मान पदावर उभा आहे त्याला असले धोरण परवडत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बॅप्टिस्टा हे नावापुरते अध्यक्ष होते, खुर्चीवर बसवलेली बाहुली होते, असे कोणी म्हणेल तर ते अन्यायाचे होईल. माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ मध्ये जन्मलेला हा ईस्ट इंडियन ख्रिस्ती गृहस्थ. घराण्याचे मूळ गाव भाईंदरजवळचे उत्तन. पुण्यास अभियांत्रिकी शिकून जंगलखात्यात नोकरी केली, मग केंब्रिजला जाऊन पदवी घेतली आणि बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले. १९१५ च्या पुण्याच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष तेच होते, आणि स्वराज्य संघाची कल्पना त्यांनी आधीपासून आग्रहाने मांडलेली होती. गणेशोत्सव आणि शिवजयंती यांच्या जोरावर ज्यांनी महाराष्ट्र हलवला असे सर्वजण मानीत, त्या टिळकांच्या संघाचा पहिला अध्यक्ष एक मराठी बोलणारा कॅथलिक असावा, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. टिळकांच्या वर्तुळात ते ‘काका’ होते. काका हे नाव कोणतीही परिषद ठराव करून देत नसते.

पुढे बॅप्टिस्टा विलायतेस गेले आणि मजूर पक्षाच्या लोकांत स्वराज्याची बाजू मांडू लागले. परत आल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांत आणि टपाल खात्यातील नोकरांत त्यांनी काम केले. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत ते होते, आणि १९२१ च्या झरियाच्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. टिळकांच्या पश्चात गांधींचा असहकार त्यांना पटला नाही, तर ते तसे स्पष्ट म्हणाले आणि बाजूस राहिले. १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. पद होते तेव्हाही आणि नव्हते तेव्हाही त्यांच्या शब्दाला किंमत राहिली. टिळकांची सावली पडून त्यांचे नाव झाकले गेले, हा त्यांचा दोष नव्हे.

स्वराज्य संघ वाढला. महाराष्ट्र, मुंबई शहर, कर्नाटक, मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांत मिळून सहा शाखा निघाल्या. वर्षभरात १४ हजार सभासद झाले, आणखी वर्षाने ते ३० हजारांवर गेले. मराठी आणि इंग्रजी पत्रके हजारोंनी खपली. पण या आकड्यांपेक्षा बोलका प्रसंग संघाच्या जन्मानंतर तीनच महिन्यांनी घडला.

१ मे रोजी टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर व्याख्यान दिले. मेअखेर व जूनच्या आरंभी अहमदनगरला आणखी दोन झाली. व्याख्यानांतील युक्तिवाद साधा होता. बादशहा निराळा आणि त्याच्या नावाने कारभार हाकणारी नोकरशाही निराळी. देव बदला असे आम्ही म्हणत नाही, पण पुजारी नीट पूजा करीत नसेल तर तो बदलण्याचा भक्तांना हक्क आहे. अधिकाराचा उगम आणि अधिकाराचा वापर यांत टिळकांनी फट पाडली ती अशी. पंढरपूरच्या बडव्यांच्या तक्रारी ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना याहून अधिक समजावण्याची गरज नव्हती. सरकारला मात्र यात राजद्रोह दिसला. या तीन व्याख्यानांबद्दल पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने टिळकांवर नोटीस काढली: एक वर्ष चांगले वागण्याबद्दल २० हजार रुपयांचा मुचलका आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत याचे कारण दाखवा.

ही नोटीस आली ती २३ जुलै १९१६ च्या सुमारास. तो टिळकांचा साठावा वाढदिवस. गायकवाडवाड्यात समारंभ होता, आणि लोकांनी वर्गणी करून जमवलेली १ लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण करण्यात आली. टिळकांनी ती स्वतःसाठी घेतली नाही, देशकार्यासाठी ठेव म्हणून स्वीकारली. एकाच वेळी, एकाच माणसाबद्दल, सरकारने ४० हजारांची हमी मागावी आणि लोकांनी १ लाख आणून द्यावे! त्या काळी शाळामास्तराला महिन्याकाठी किती थोडे रुपये मिळत हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना १ लाखाचा अर्थ कळेल. १२ ऑगस्टला मॅजिस्ट्रेटने मुचलका कायम केला. ९ नोव्हेंबरला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. टिळकांची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली होती. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मॅजिस्ट्रेटचा अधिकार लोकांच्या थैलीने हटला नाही. तो हटला दुसऱ्या, वरच्या अधिकाराने. मानाने माणूस उभा राहतो, कागद रद्द करायला कोर्टच लागते.

टिळकांचा मान अफाट होता, परंतु तो सर्वांचा नव्हता, हेही लपवण्यात अर्थ नाही. बेळगाव जिल्ह्याचा उत्तर भाग, चिकोडी आणि निपाणी, कोल्हापूरच्या वाऱ्यावर जगणारा. तेथे वेदोक्त प्रकरणाची आठवण ताजी होती. त्या वादात टिळकांनी छत्रपती शाहूंची बाजू घेतली नाही ही गोष्ट ब्राह्मणेतर समाज विसरला नव्हता. सत्यशोधकांच्या गावांत लोकमान्य हा शब्द ऐकून ‘कोणत्या लोकांना मान्य’ असा प्रश्न विचारणारे लोक होते. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू छत्रपती स्वतः आले आणि जमलेल्या अस्पृश्य बांधवांना त्यांनी सांगितले की तुमचा पुढारी तुम्हाला डॉक्टर आंबेडकरांच्या रूपाने मिळाला आहे. राजाने आपल्या अधिकाराचे वजन एका निर्धन, बिनसत्तेच्या तरुणाच्या पारड्यात टाकले, त्याचे हे दृश्य. तेथे अधिकार मानाच्या मागे उभा राहिला. असे फार थोड्या वेळा होते.

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली होती, पण चिरोल खटल्यासाठी विलायतेस जावे लागल्याने ती खुर्ची मालवीयजींकडे गेली. त्यानंतर काळ गांधींचा आला, आणि बेळगावात एका माणसाच्या ठायी हे दोन काळ जुळले. ते म्हणजे हुदलीचे गंगाधरराव देशपांडे. १८७१ चा जन्म, वतनदार घराणे, घरी कानडी आणि मराठी दोन्ही भाषांचा वावर. लोक त्यांना कर्नाटकसिंह म्हणत. आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिले. १९१६ ला ते टिळकांचे खंदे अनुयायी होते आणि १९२४ च्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष झाले तेव्हा गांधींचे. टिळकांचे कित्येक शिष्य गांधींपासून फटकून राहिले. गंगाधररावांनी मात्र खादी अंगीकारली आणि पुढे हुदलीस खादीचे केंद्र उभे केले. १९३७ मध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन हुदलीसारख्या खेड्यात भरले, ते त्यांच्यामुळे. वतन त्यांना वाडवडिलांकडून मिळाले होते. पण सीमेच्या दोन्ही भाषांतील लोक त्यांचे नाव आजही काढतात ते वतनासाठी नव्हे.

१९२४ साली गांधी कोणत्या अवस्थेत होते? फेब्रुवारीत येरवड्याहून सुटले ते पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे अशक्त शरीर घेऊन. बाहेर आले तो असहकार थंडावलेला, हिंदू-मुसलमानांत दंगे सुरू, आणि चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांचा स्वराज्य पक्ष कौन्सिलात शिरलेला. जूनमध्ये अहमदाबादच्या बैठकीत काँग्रेसच्या प्रतिनिधींनी दरमहा २००० वार सूत कातले पाहिजे, न कातल्यास पद गेले, असा ठराव त्यांनी आणला. ठराव झाला, पण शिक्षेचा भाग गाळून. बहुमत मिळूनही आपला पराभव झाला असे गांधींनी स्वतः मानले. सप्टेंबरात दिल्लीला त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. नोव्हेंबरात कलकत्त्याला स्वराज्य पक्षाशी तडजोड झाली: कौन्सिलांचे काम तो पक्ष काँग्रेसच्या वतीने करील, आणि बदल्यात काँग्रेसच्या सभासदत्वासाठी सुताची अट येईल. देशातील सर्वांत मानाचा माणूस देवघेव करून अध्यक्षपदाकडे निघाला होता.

२६ आणि २७ डिसेंबरला विजयनगरात अधिवेशन झाले. डॉक्टर ना. सु. हर्डीकरांच्या स्वयंसेवकांनी शिस्त राखली. बेळगावच्या गणेश विद्यालयात कधी काळी मुख्याध्यापक असलेले काकासाहेब कालेलकर सफाईच्या कामावर होते. सुशिक्षित, उच्चवर्णीय तरुणांच्या हाती झाडू आणि मैल्याची पाटी आली, आणि गावाने ती डोळ्यांनी पाहिली. गांधींनी छापील भाषण वाटले आणि प्रत्यक्षात अगदी थोडे बोलले. अधिवेशन साजरे झाले यात शंका नाही. त्याच दिवसांत बेळगावला अखिल भारतीय ब्राह्मणेतर परिषदही भरली होती, आणि कर्नाटक एकीकरणाची परिषदही. एका गावात इतक्या परिषदा एकत्र भराव्या यावरून त्या वेळी लोक एका मंडपात मावत नव्हते एवढे दिसतेच.

अधिवेशनात सुताची अट मंजूर झाली. नागपूरच्या १९२० च्या नियमानुसार सभासद व्हायला चार आणे पुरत. आता दरमहा २००० वार, म्हणजे वर्षाला २४ हजार वार सूत द्यावयाचे. गांधींचे मागणे रोज अर्ध्या तासाचे होते, आणि श्रीमंत वकील व गरीब विणकर यांना एका चात्यावर आणण्याची कल्पना थोर होती. पण ज्याला कातायची इच्छा नाही त्याने दुसऱ्याकडून कातून घेतलेले सूत दिले तरी चालेल अशी पळवाट तडजोडीतच ठेवलेली होती. व्हायचे तेच झाले. सूत बाजारात विकत घेऊन वर्गणी भरण्याची सोय झाली, सभासदांची संख्या घसरली, आणि नऊ महिन्यांत, १९२५ च्या सप्टेंबरात, पाटण्याच्या बैठकीने चार आण्यांचा पर्याय पुन्हा आणला. सुताचे काम अखिल भारत चरखा संघ या निराळ्या संस्थेकडे गेले.

या अपयशाचे कारण लोकांचा आळस असे सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. १९२१ मध्ये गांधींच्या एका शब्दावर लोकांनी विलायती कपड्यांच्या होळ्या केल्या, वकिलांनी सनदा टाकल्या, विद्यार्थी शाळा सोडून बाहेर पडले. तेव्हा कोणी नियम केला नव्हता. तीच माणसे १९२५ ला सुताच्या नियमापासून चुकू लागली. जे मानाखातर आनंदाने केले जात होते ते कलमात बसवल्याबरोबर कर झाले, आणि करापासून जसे लोक निसटतात तसे यापासूनही निसटले. टिळकांनी १९१६ ला संघाच्या सभासदाकडून वर्गणीच मागितली होती. बाकी सारे त्यांनी व्याख्यानांवर सोडले. गांधींनी १९२४ ला आपला मान नियमाच्या रूपात जमा करू पाहिला, आणि तो तसा जमा होत नाही. हे गांधींना कळले नसेल असे नाही. तडजोड मोडू नये म्हणून त्यांनी पाटण्याला फार ताणून धरले नाही, आणि पुन्हा अध्यक्षपद कधी घेतले नाही. १९३४ नंतर तर ते काँग्रेसचे सभासदही राहिले नाहीत. त्यांच्या संमतीवाचून मात्र मोठे निर्णय क्वचितच होत.

बेळगावच्या मंडपातला एक छोटा प्रसंग ठराव आणि तडजोडींपेक्षा अधिक सांगतो. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची एक मुलगी होती. पुढे ती गंगूबाई हनगल या नावाने देशभर गाजली. त्या दिवसाची आठवण त्यांनी उतारवयात सांगितली आहे. गाण्याइतकीच ठळक होती ती धास्ती: आपली जात खालची मानलेली, तेव्हा जेवणाच्या वेळी आपल्याला वेगळे बसवतील काय, उष्टी पाने काढायला लावतील काय. अस्पृश्यता निवारणाचा उच्चार करणाऱ्या मंडपात एका लेकराला हे भय वाटत होते. गळ्याचा मान तिला मिळणार होता, पंगतीतला मिळेल याची खात्री नव्हती.

चारच महिन्यांनी, १९२५ च्या एप्रिलमध्ये, निपाणीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. तंबाखूच्या व्यापाराचे हे गाव, पुणे-बंगळूर रस्त्यावरचे, बेळगावपेक्षा कोल्हापूरला जवळ. अध्यक्ष होते डॉक्टर भीमराव आंबेडकर. कोलंबियाची आणि लंडनची सर्वोच्च पदवी, बॅरिस्टरीची सनद, वय पुरते ३४ नाही. कौन्सिलात अजून त्यांची नेमणूक झालेली नव्हती. पण पद म्हणजे काय हे त्यांनी अनुभवले होते. १९१७ मध्ये बडोदे संस्थानात ते मोठ्या हुद्द्यावर होते, आणि त्यांच्याच कचेरीतील शिपाई विटाळ नको म्हणून कागदपत्रे लांबून त्यांच्या मेजावर टाकीत. राहायला त्या शहरात जागा मिळेना. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले तर सहकाऱ्यांतील काहींनी पिण्याच्या पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. येथे अधिकारही होता आणि विद्वत्ताही होती. अधिकार दिला जातो आणि मान कमवावा लागतो हे सुभाषित ज्यांनी रचले त्यांनी या शिपायाला गणतीत धरले नव्हते. तो आपल्या वरिष्ठाच्या हुकमाखाली होता आणि तरीही स्वतःला त्याच्याहून वरचा समजत होता. कमाई करणाऱ्याने कितीही कमवावे, देणाऱ्याची मूठ झाकलेली असेल तर?

निपाणीच्या भाषणात आंबेडकरांनी गांधींविषयी जे म्हटले त्याचा मथितार्थ असा: राजकारणातील इतर कोणाही पुढाऱ्यापेक्षा गांधींनी अस्पृश्यतेचा प्रश्न अधिक मनावर घेतला आहे, आणि ज्यांना सर्वांनी झिडकारले त्यांना अशा माणसाची सहानुभूती काही थोडी नव्हे. हे सांगून त्यांनी बोट ठेवले ते नेमके बेळगावच्या ठरावावर. खादीचा आणि हिंदू-मुसलमान ऐक्याचा जितका आग्रह, तितका अस्पृश्यता निवारणाचा नाही. असता, तर काँग्रेसमध्ये मत देण्यासाठी जशी कातण्याची अट घातली तशी अस्पृश्यता न पाळण्याचीही घातली असती.

हा मुद्दा बिनतोड होता. १९२१ च्या स्वयंसेवकांच्या प्रतिज्ञेत हिंदू स्वयंसेवकासाठी अस्पृश्यता निवारणावरील श्रद्धेचे कलम होते, हे खरे. पण सभासदाच्या अटीत ते नव्हते. नियम करून मान मिळत नाही, मन बदलत नाही, असे म्हणावे तर मग सुतासाठी नियम का केला? आणि सुतासाठी नियम करता येतो, तर माणसाला माणूस म्हणून वागवण्यासाठी का येऊ नये? ज्याला मान आपोआप मिळतो त्याला नियमाची किंमत वाटत नाही. ज्याला तो कमवूनही मिळत नाही त्याला नियम, कायदा, कलम हेच हवे असते. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष निपाणीचेच अध्यक्ष होते.

निपाणीच्या परिषदेनंतर पाच महिन्यांनी पाटण्याला काँग्रेसची समिती बसली. सभासदत्वाच्या नियमाचे कलम पुन्हा लिहिले गेले. सुताबरोबर चार आणे आले. दुसरी अट आली नाही.